रिलीव्हर येईपर्यंत

“परत द्या! आमचे आभार आम्हाला परत द्या!”

बायको ओरडत होती. तिच्यासमोर पाळकीणबाई, म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या मिसेस, सतरंजीवर गुडघे टेकून बसलेल्या. डोळे मिटलेले, दोन्ही हात वर आणि वाक्य तोंडात अर्धवट अडकलेलं. “हे प्रभू, ह्या लेकरासाठी आम्ही तुझे आभार मानतो,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या. त्यांची काही चूक नव्हती. आमच्यात प्रार्थना आभारानेच सुरू होते. चहा आला की आभार, पाहुणा आला की आभार, आणि पाहुणा गेला की मनातल्या मनात जरा जास्तच. बाईंच्या तोंडून ते सवयीने आलं. पण आमच्या मुलीला माती देऊन आम्ही नुकतेच घरी आलो होतो. दारातल्या चपलांची माती अजून ओली होती.

“रविवारी मानले ना आभार?” बायको म्हणत होती. “सगळ्या मंडळीपुढं उभं राहून मानले! तुम्ही लोकांनी टाळ्या वाजवल्या! मग पोरगी कुठाय माझी? पोरगी ठेवून घेतली आणि आभारही ठेवून घेतले? सांगा त्याला, परत दे म्हणावं!”

आमचा हॉल दहा बाय बाराचा. त्यात त्या दिवशी अर्धी कासारवाडी बसली होती आणि उरलेली अर्धी जिन्यात उभी होती. एवढी माणसं, पण पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. पाळकीणबाईंचे हात वर गेलेले होते, ते खाली कसे आणावेत हे त्यांना कळेना. शेवटी बायकोच उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, पडदा आहे. तो तिने असा ओढला की अख्ख्या बिल्डिंगला दार आपटल्यासारखं वाटलं.

मी काय करत होतो? मी भिंतीला टेकून बसलो होतो. सांगितलं तर कोणाला पटायचं नाही, पण त्या दिवशी त्या घरात सगळ्यात लहान आवाज माझा होता.

कारण माझा आवाज म्हणजे काही साधी गोष्ट नाही, राव. अख्खी नोकरी मी चाकणच्या एका फोर्जिंग शॉपमध्ये काढली. लाल झालेलं लोखंड हातोड्याखाली ठोकायचं काम. हातोडा म्हणजे सुताराचा नव्हे, दोन मजली मशीन. तो पडला की पार तळेगावातल्या म्हशी दूध आखडून धरायच्या. इंद्रायणीतले मासे उडून रस्त्यावर यायचे आणि खेडचे लोक पिशव्या घेऊन उभे राहायचे. अशा ठिकाणी माणूस बोलत नाही, ओरडतो. मी घरी येऊन ‘मीठ दे’ म्हणालो तरी शेजारी मीठ घेऊन यायचे. गेल्या वर्षी रिटायर झालो, आवाज मात्र अजून ड्यूटीवर आहे.

हा आवाज चर्चमध्ये फार उपयोगी पडला. आमच्या उपासनेत साक्षीचा वेळ असतो. ज्याचं देवाने काही भलं केलं असेल त्याने उभं राहून चारचौघांत सांगायचं. लोक घाबरत घाबरत उठतात, ‘प्रभूने माझा ताप काढला’ एवढं पुटपुटतात आणि बसतात. मी उठलो की पोरं पुढच्या बाकावर सरकायची. एकदा मोशीच्या पुढं माझी मोटारसायकल घसरली आणि गुडघा खरचटला. साक्षीत मी मागून एक ट्रेलर आणला. महिन्याभराने दुसऱ्या एका प्रार्थनासभेत त्याच साक्षीत दोन ट्रेलर झाले, एक मागून आणि एक पुढून, आणि मधून मी असा अलगद निघालो की शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नाही. तिसऱ्या वेळेला मी गॅसचा टँकर घालायच्या बेतात होतो, तेवढ्यात बायकांच्या बाजूने खोकला आला.

तो हिचा खोकला. एक खोकला म्हणजे एक ट्रेलर कमी करा. दोन खोकले म्हणजे आता बसा. आमच्या लग्नाला जेवढी वर्षं झाली तेवढी वर्षं हिने मला असा ब्रेक लावला. तिचा घसा कधीच खराब नव्हता. सगळ्या मंडळीला माहीत होतं, लोक माझ्याकडे बघायच्या ऐवजी तिच्याकडे बघत बसायचे, आता खोकते का मग खोकते म्हणून.

तिची स्वतःची प्रार्थना मात्र अगदी उलटी. हळू आवाजात, चार वाक्यांची, आणि मसाला बिलकूल नाही. ‘प्रभू, हिच्या पोराला झोप लागत नाही. त्याला झोप दे. आमेन.’ झालं. पण लोकांचा तिच्यावरच विश्वास. निगडीपासून पिंपळे सौदागरपर्यंत तिला फोन यायचे. कोणाची परीक्षा, कोणाचं बाळंतपण, कोणाचा नवरा तिसऱ्या शिफ्टला जातो म्हणून घरून निघतो आणि भलतीकडेच जातो. भाजी चिरता चिरता, फोन खांद्यात धरून ही प्रार्थना करायची. आमच्या घरमालकीणबाई तर ख्रिस्ती नाहीत. गावातलं जुनं घराणं, शेतं होती तिथं आता बारा-बारा मजली सोसायट्या उभ्या आहेत. पण बाईंनी हौसेने अजून एक म्हैस ठेवलीय. म्हैस आटली की त्या खालूनच हाक मारायच्या, “अगं ए, तुमच्या देवाला सांग की जरा. आमचा लई कामात आसतो.”

आणि मग आमची मुलगी.

एकुलती एक. चाकणलाच एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला, म्हणजे पार्टची मापं तपासायला होती. हातात मायक्रोमीटर आला की माणूस बदलतो. तिला घरातलीही प्रत्येक गोष्ट रिजेक्ट करायची सवय लागली होती. भाकरी एका बाजूला जाड आहे. पडदा तिरका आहे. पप्पांची साक्ष टॉलरन्सच्या बाहेर आहे. आई-लेकीचं रोजचं युद्ध. कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन हॉर्न वाजवायची आणि ह्या दोघी दारात.

“स्कार्फ बांध.”

“मम्मी, बसमध्ये बसून चाललेय मी, बुलेटवर नाही.”

“बसला खिडक्या असतात.”

“मग खिडकीला बांध ना स्कार्फ.”

एवढं बोलून ती जिना उतरायची आणि हिचं पुढचं वाक्य जिन्याच्या भिंतींना आपटत तिच्या मागे जायचं. मी आपला खुर्चीत पेपर धरून. ह्या दोघींच्या मध्ये पडणं म्हणजे हातोड्याखाली बोट घालणं.

संध्याकाळी मात्र तिघं एकत्र बसायचो. आमच्या घराची कौटुंबिक प्रार्थना सातला. मुलगी गीत काढायची, सूर सोडून सगळं बरोबर. मी शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक भाग वाचायचो. प्रार्थना ही करायची. शेवटी आमेन म्हणायचं खातं माझ्याकडे. माझ्या आमेनला फडताळातले स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. मुलगी डोळे न उघडता म्हणायची, “पप्पा, देव वरच्याच मजल्यावर आहे, अमेरिकेत नाही.”

पावसाळ्यात तिला ताप आला. डासाचा ताप, अर्ध्या शहराला आला होता. चिंचवडच्या एका दवाखान्यात ठेवली. पेशी खाली, मग अजून खाली. ही खुर्चीवर बसून तिचा हात धरून हळू आवाजात मागत होती, आणि कॉरिडॉरमधले बाकीचे नातेवाईकही हळूहळू तिच्याजवळ सरकत होते, आमच्यासाठी पण सांगा म्हणून. तिने सगळ्यांसाठी सांगितलं. शनिवारी संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, पेशी वाढायला लागल्यात. चांगली खूण आहे.

झालं. हिने फोन काढला आणि ज्यांनी ज्यांनी प्रार्थना केली होती त्या सगळ्यांना कळवलं. रविवारी आपल्या बहिणीला मुलीजवळ बसवून ती तासभर चर्चला आली. साक्षीच्या वेळेला मी उठलो. ठरवून उठलो होतो की आज एकही शब्द जास्त बोलायचा नाही. पण समोर एवढी माणसं, सगळ्यांचे चेहरे आमच्यासाठी फुललेले, आणि माझा आवाज तुम्हाला माहीतच आहे. मी म्हणालो, डॉक्टरांनी हात टेकले होते. मशीनसुद्धा नको म्हणाली होती. नर्स रडत होती. आणि मग प्रभूने बोट लावलं आणि पेशी अशा वाढल्या, अशा वाढल्या, की मोजणाऱ्याला पाणी प्यायला उठावं लागलं!

बोलता बोलता मी खोकल्याची वाट बघत होतो. खोकला आला नाही. मी बायकांच्या बाजूला पाहिलं. ही माझ्याकडेच बघत होती, डोळे भरलेले, चेहरा लग्नातल्यासारखा, आणि ती मान हलवत होती, सांगा, सांगा, अजून सांगा. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीसुद्धा वाजवत होती.

संध्याकाळी मुलीच्या पोटात रक्तस्राव सुरू झाला. सोमवारी, निगडीहून पहिल्या शिफ्टच्या बसेस निघायच्या वेळेला, ती गेली.

आता कळलं ना, हिने आभार परत का मागितले ते.

त्या दिवसापासून हिने प्रार्थना सोडली. भांडण नाही, तक्रार नाही. एखाद्याने चहा सोडावा तशी सोडली. शास्त्र फ्रिजवर ठेवलं, त्यावर वीजबिलाची क्लिप आली, क्लिपवर लिंबं आली. फोनचा आवाज बंद करून ठेवला. रविवारी मी कपडे घालून दारात उभा राहायचो, ती म्हणायची, “तुम्ही जा.” जेवायला बसलो की आमच्यात आधी प्रार्थनेचे दोन शब्द असतात, तेही गेले. आणि खोकलाही गेला. मी घरात काय वाटेल ते बोललो तरी ती ऐकून घ्यायची. हे सगळ्यात भयानक. तीस-पस्तीस वर्षं ब्रेक लावून चालवलेली गाडी, आणि एक दिवस पायाखाली ब्रेकच नाही.

लोकांनी सल्ले दिले. सल्ल्याला पेट्रोल लागत नाही. पाळकसाहेब भले माणूस, ते येऊन नुसते बसून जायचे. पण चर्चमधले एक बंधू मला निगडीच्या बसस्टँडवर भेटले, आमच्यातला सलाम झाला, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण विश्वास कुठंतरी कमी पडला.” मी त्यांना कॉलरला धरून उचललं आणि बसस्टँडच्या छपरावर नेऊन ठेवलं. अजून तिथंच असतील. असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मी तिथून सटकलो. समोर आली त्या बसमध्ये चढलो. बस कुठली होती ते मी पाहिलंही नव्हतं, दापोडीला उतरून चालत मागे आलो.

पण सात वाजले की घरात प्रश्न यायचा. सातला प्रार्थना. ती कोण करणार?

मला येत नव्हती. साक्ष वेगळी, तिथं माणसं असतात समोर. डोळे मिटून, समोर कोणी नसताना बोलायचं म्हणजे माझी पंचाईत. पहिल्या संध्याकाळी मी सतरंजी घातली, बसलो, आणि ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ म्हटल्यावर पुढं गाडी जाईना. पडद्याआड ही भांडी घासत होती. शेवटी मी मला येत होतं तेच केलं. शिफ्टचा चार्ज दिला.

फोर्जिंगमध्ये शिफ्ट संपली की तसंच घरी पळता येत नाही. पुढचा माणूस येतो, त्याला रिलीव्हर म्हणतात. त्याला सगळं सांगायचं. भट्टी एवढी तापलीय, हा डाय, म्हणजे साचा, गरम होतोय, तिकडून तेल गळतंय, लक्ष ठेव. मग जायचं. आणि एक नियम भिंतीवर लिहिलेला नव्हता तरी सगळ्यांना पाठ होता. रिलीव्हर आल्याशिवाय भट्टी सोडायची नाही. त्याची बस चुकली असेल, त्याच्या घरी काही झालं असेल, तो प्यायला असेल, काही असो. तू उभं राहायचं. डबल मारायची, म्हणजे त्याचीही शिफ्ट तूच काढायची. एकदा मी रिलीव्हरची वाट बघत इतका वेळ उभा राहिलो की माझी दाढी वाढून बेल्टमध्ये खोचावी लागली.

तर मी देवाला चार्ज दिला. ‘प्रभू, रिपोर्ट असा आहे. हिने दुपारी अर्धी पोळी खाल्ली. मुलीच्या खोलीचा पंखा हिने आज पुसला. माझं बीपी ठीक आहे. घरात तीन माणसांचं दूध अजून येतंय, बंद करायला तोंड उघडत नाही. लक्ष ठेव. आमेन.’ आमेन हळू म्हटलं. पेले किणकिणले नाहीत.

आणि मागणं? मागितलं की. पहिल्यांदा मी मुलगीच परत मागितली. मला लाज नाही. लोक म्हणतील, असं कुठं मागतात का. मी मागितली, कित्येक संध्याकाळी मागितली. तू एवढ्या लोकांना मेलेल्यांतून उठवलंस, आमची एक क्वालिटीची पोरगी उठवायला तुला काय जड आहे? मग एका संध्याकाळी ते मागणं ओठावर आलंच नाही, आणि त्या दिवशी मला ती गेल्याच्या दिवसापेक्षा जास्त रडू आलं. त्यानंतर मागणं लहान होत गेलं. हिला झोप लागू दे. हिने पूर्ण पोळी खाऊ दे. शेवटी सगळं झिजून एवढंच उरलं की ही जागेवर परत येऊ दे. ही भट्टी हिची आहे, प्रभू. मी नुसता डबल मारतोय. माझ्याने हे काम हिच्यासारखं होत नाही. हिने एकदा खोकलं तरी मला पुरे.

आता मी काही नुसतं देवावर सोडून बसणारा माणूस नाही. मी गळ टाकायला सुरुवात केली. पडद्याआड ऐकू जाईल अशा आवाजात प्रार्थनेतच थापा मारायला लागलो. ‘प्रभू, आज मी मंडईतून एका हाताने कांद्याचं पोतं उचलून आणलं.’ नळाचा आवाज. ‘प्रभू, वाटेत पोतं जड झालं म्हणून एक हत्ती मागे लागला होता, मी उचलू का म्हणून, पण मी म्हटलं नको, तुझंही वय झालं.’ भांडं भांड्यावर. ‘प्रभू, तो हत्ती हिच्या माहेरचा होता.’ काही नाही. पुढच्या दिवशी अजून मोठा गळ. देवाने त्या काळात माझ्याकडून जेवढं खोटं ऐकलं तेवढं इलेक्शनमध्येही ऐकलं नसेल. रोज सातला बसायचो, रोज टाकायचो, रोज मोकळा गळ ओढून घ्यायचो. कधी कधी मध्येच माझ्याच तोंडाची चव जायची आणि मी नुसता बसून राहायचो. उठायचो मात्र आमेन म्हणूनच.

एका संध्याकाळी घरमालकीणबाई जिना चढून आल्या. एकेक पायरीला एकेक देवाचं नाव घेत. बसल्या आणि पडद्याकडे तोंड करून म्हणाल्या, “अगं ए, भाईर ये. माजं गुडघ्याचं आपरेशन हाय. सांगून ठेव तुज्या देवाला.”

ही बाहेर आली. पदराला हात पुसत म्हणाली, “मी नाही करत आता, काकू.”

“न्हाई करत म्हंजी?”

“सोडलं.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आता ह्या म्हातारीचा एखादा उपदेश येणार. पण त्या म्हणाल्या, “बरं. मंग तुज्यासाटी मीच बोलते आमच्या देवीशी. पन तिची तुजी वळख न्हाई. एकदा येऊन तोंड दाखवून जा म्हंजी तिला कळंल कुनाबद्दल बोलतीय मी.” आणि माझ्याकडे वळून, “तुमी करा वो मंग. कुनीतरी करा. डाक्टर मला घाई करतोय.”

मी डोळे मिटले. ‘हे प्रभू, ह्या माउलीच्या गुडघ्याचं बेअरिंग गेलंय. ग्रीस संपलंय, आता आवाज करतं. डॉक्टर उघडून नवीन टाकणार आहेत. त्यांचा हात स्थिर ठेव. मापात बसू दे. ट्रायल रन नीट होऊ दे.’

“आवो, मी बाई हाय का ट्रॅक्टर?” बाई डोळे मिटूनच ओरडल्या.

त्या क्षणी भिंतीला टेकून उभ्या असलेल्या हिच्या नाकातून काहीतरी आवाज आला. हसण्याचा असेल, सर्दीचा असेल. मी आमेन म्हणून डोळे उघडेपर्यंत पडदा हलत होता आणि ती आत गेलेली होती.

बाईंचं ऑपरेशन झालं. अजून त्या काठी टेकत चालतात आणि डॉक्टरच्या सात पिढ्यांना नावं ठेवतात. ह्यात साक्ष देण्यासारखं काही नाही. मीही दिली नाही. टाळ्या वाजल्या त्या रविवारपासून साक्षीच्या वेळेला मी उठलेलो नाही. पोरं पुढच्या बाकावर सरकतात, माझ्याकडे बघतात आणि मागे सरकतात.

मग परवाची गोष्ट. मुलीच्या कंपनीतली तिची मैत्रीण सुट्टी काढून घरी आली. हातात एक पिशवी. ‘तिचा लॉकर रिकामा करायचा होता,’ म्हणाली, ‘आम्ही इतके दिवस तसाच ठेवला होता.’ पिशवीत सेफ्टी शूज, पुढे लोखंड असलेले, जड. एक अर्धा बिस्किटचा पुडा. आणि घडी घातलेला स्कार्फ. रोज दारातून न बांधता गेलेला. मैत्रीण म्हणाली, “काकू, कंपनीत पोचली की गेटवर बांधायची ती. म्हणायची, घरी सांगू नका.”

हिने स्कार्फ हातात घेतला, बघितला, तशीच घडी घातली आणि शूज दाराशी नेऊन ठेवले, जिथं तिच्या चपला असायच्या. मैत्रिणीला चहा दिला. मैत्रीण गेल्यावर ही कणीक मळायला बसली.

सात वाजले. मी सतरंजी घातली. शपथेवर सांगतो, त्या दिवशी मी गळ टाकलेला नव्हता. नुसती बडबड सुरू झाली. ‘प्रभू, पोरीचे शूज आलेत. साइज सहा. तुझ्याकडे ती अनवाणी फिरत असेल तर कळव, मी घेऊन येतो. प्रभू, अशी मुलगी चाकणमध्ये झाली नाही. ती गेट उघडायची तेव्हा कंपनी चालू व्हायची. तिने पार्ट हातात घेतला की पार्ट स्वतःच सांगायचा, ताई, मी चुकलोय. ती गेली त्या दिवशी सगळ्या एमआयडीसीतल्या मशीन बंद पडल्या, प्रभू, मालक लोक रस्त्यावर बसून रडत होते.’ पडद्याआड कणकेवरचे हात चालू होते, तो थपथप आवाज मला येत होता. माझं तोंड काही थांबेना. ‘आणि स्वभावाने, प्रभू, नुसती गाय. तुला तर माहीतच आहे. जन्मात कधी आईला उलटून बोलली नाही.’

थपथप थांबली.

मी डोळे मिटूनच होतो. पडद्याच्या कड्या सरकल्या. मग सतरंजीचं दुसरं टोक, जिथं ती बसायची, ते जरा ओढलं गेल्यासारखं वाटलं. कणकेचा वास आला. मी एक डोळा किलकिला केला. ती बसली होती. हात कोपरापर्यंत पिठाचे, मांडीवर पालथे ठेवलेले. डोळे मिटलेले होते की नव्हते ते मला दिसलं नाही, मान खाली होती.

“रोज बोलायची,” ती म्हणाली. “खोटं नका सांगू त्याला.”